प्रोटीनची पैदास: बादलीतल्या सोवळ्यापासून मधुमेहाच्या गोळीपर्यंत

गणपतीच्या आठ दिवस आधी मी बाबांचं रेशमी सोवळं रात्रभर कपड्यांच्या पावडरीत भिजत घातलं. हेतू चांगला होता. गेल्या वर्षीच्या पंचामृताचा डाग त्यावर तसाच बसला होता, तो काढायचा होता. सकाळी डाग गेलेला होता आणि त्याच्याबरोबर झळाळीही. हातात जे आलं त्याला पोतेरं म्हणवत नव्हतं आणि रेशीमही म्हणवत नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मग मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. घटकांमध्ये ‘एन्झाइम्स’ आणि खाली सूचना: लोकर व रेशमासाठी वापरू नये. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाने हे आधी वाचायला हवं होतं.

झालं ते असं. डाग दूध-दह्याचा, म्हणजे बराचसा प्रोटीनचा. पावडरीतलं एन्झाइम प्रोटीनचे तुकडे करणारं, आणि ते स्वतःही प्रोटीनच. आता रेशीम? तेही प्रोटीन. दह्यातलं कापायचं आणि सोवळ्यातलं सोडायचं, हे त्या कात्रीला कोण सांगणार? (सगळं खापर तिच्यावर फोडू नये. पावडर अल्कधर्मी असते आणि रेशमाला तेही सोसत नाही.) म्हणजे एकाच बादलीत एक प्रोटीन कात्री होतं आणि दुसरं दोर. गेल्या चाळीसेक वर्षांत रसायनशास्त्रज्ञ या दोन्हींच्या मागे लागले आहेत: कात्री आपल्याला हवं तेच कापणारी कशी करायची, आणि दोर आपल्याला हवा तसा कसा वळायचा.

प्रोटीन म्हणजे मण्यांची लांब माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं आणि त्यांचे नेहमीचे प्रकार फक्त २०. काही मणी पाण्याला जवळ करणारे, काही तेलकट, काहींवर धन भार, काहींवर ऋण. अशी शे-पाचशे मण्यांची माळ पाण्यात सुटली की तेलकट मणी पाण्यापासून तोंड लपवायला आत शिरतात, पाणीप्रिय मणी बाहेर राहतात, धन-ऋण एकमेकांना धरतात, आणि माळ एका ठरावीक आकारात गुंडाळली जाते. मण्यांचा क्रम बदलला की आकार बदलू शकतो, आणि आकारावर काम ठरतं. हा क्रम जनुकात लिहिलेला असतो. जनुकातलं योग्य अक्षर खोडून दुसरं लिहिता आलं की माळेतला नेमका तोच मणी बदलतो. बाकीचं लिहिणं-वाचणं यंत्रं करतात आणि माळ ओवून देण्याचं काम बिचारे जिवाणू करतात.

एन्झाइम काय करतं ते घरी बघता येतं. मेडिकलच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणा, डोळ्यांपासून लांब धरून कच्च्या बटाट्याच्या फोडीवर थोडं ओता. फसफसून पांढरा फेस येतो. बटाट्यातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. आता तीच फोड उकडून घ्या आणि पुन्हा ओता. जवळजवळ काही होत नाही. मणी तेच आहेत, क्रमही तोच आहे, पण उकळताना माळेची घडी विस्कटली. काम घडीत होतं.

ही प्रक्रिया एन्झाइमशिवायही होते, फक्त फार सावकाश. पेरॉक्साइड बाटलीत महिनोन्‌महिने टिकतं आणि तरी हळूहळू मरतंच. एन्झाइमसारखा उत्प्रेरक म्हणजे घाट चढून जाण्याऐवजी खोदलेला बोगदा. निघायचं ठिकाण तेच, पोचायचं तेच, मधली चढण वाचते. एन्झाइमच्या घडीत एक खाच असते, त्यात येणारा रेणू नेमका बसतो, आणि खाचेच्या भिंतीवरचे दोन-चार मणी त्याच्यावर काम करतात. मटणाला कच्ची पपई लावणाऱ्या आजीला या खाचेची माहिती नव्हती, पण पपईतलं पपेन तिचं काम करतच होतं. एन्झाइम हे प्रोटीन असतं हे तर शास्त्रज्ञांनीही उशिराच मान्य केलं. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये, आपल्या अबईच्या जवळच्या नात्यातल्या एका शेंगेच्या बियांमधून युरीएज नावाच्या एन्झाइमचे स्फटिक काढले आणि ते प्रोटीन असल्याचं दाखवलं. समनर डावखुरे होते आणि शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावाच हात गेला होता. नोबेल मिळायला १९४६ साल उजाडलं.

आता पावडरीतल्या कात्रीकडे येऊ. तिचं नाव सब्टिलिसिन. मातीतले बॅसिलस जातीचे जिवाणू ती स्वतःच्या बाहेर सोडतात, आजूबाजूच्या मेलेल्या प्रोटीनचे तुकडे करतात आणि ते खातात. जिवाणूला तेवढं पुरतं. धुलाईच्या पावडरीत मात्र तिला अशा गोष्टी सोसाव्या लागतात ज्यांच्याशी मातीत कधी गाठ पडलीच नव्हती, विशेषतः ब्लीच. ब्लीच लागलं की माळेतल्या २२२ व्या जागेवरच्या मेथिओनीन या गंधक असलेल्या मण्याला ऑक्सिजन चिकटतो आणि कात्री बोथट होते. १९८५ मध्ये जेनेनकोर आणि जेनेन्टेक या अमेरिकी कंपन्यांतल्या शास्त्रज्ञांनी सरळ हिशेब केला: त्या जागी उरलेले १९ मणी एकेक करून बसवून बघू. अलानीन किंवा सेरीन बसवलं तेव्हा कात्रीचा वेग कमी झाला, पण ती ब्लीचला दाद देईना. सिस्टीन बसवलं तेव्हा मूळ कात्रीपेक्षाही चपळ निघाली, पण ब्लीचपुढे पुन्हा शरण. म्हणजे एकच मणी बदलायचा तरी सौदा करावाच लागतो.

इथे निदान कोणता मणी दुखरा आहे ते माहीत होतं. बहुतेक वेळा ते माहीत नसतं. सब्टिलिसिनच्या माळेत २७५ मणी आहेत. एकच मणी बदलायचा तर ५,२२५ पर्याय. दोन एकदम बदलायचे तर साधारण १ कोटी ३६ लाख. आणि २७५ मण्यांच्या सगळ्या शक्य माळा मोजायच्या म्हटल्या तर ६ वर ३५७ शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज १ वर ८० शून्यांच्या आसपासच थांबतो. एवढ्या गंजीत सुई शोधायची कशी?

फ्रान्सेस आर्नोल्ड यांचं मूळ शिक्षण मेकॅनिकल आणि एरोस्पेस इंजिनिअरिंगचं. सौरऊर्जेवर काम करून त्या रासायनिक अभियांत्रिकीकडे आणि मग कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत आल्या. सुरुवातीला त्यांनीही डोकं लढवून मणी बदलून पाहिले. जमेना. तेव्हा त्यांनी जो रस्ता धरला तो आपल्याकडच्या कुठल्याही ज्वारी पिकवणाऱ्याच्या ओळखीचा आहे. शेतकऱ्याला ज्वारीची जनुकं माहीत नसतात. तो खळ्यावर सगळ्यात भरदार कणसं बाजूला काढतो, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. रानातलं बारीक दाण्याचं गवत कित्येक पिढ्यांत मालदांडीपर्यंत आलं ते असंच, फरक पारखणाऱ्या हातांनी.

प्रयोगशाळेत हे काही आठवड्यांत होतं. आधी जनुकाच्या लाखो नकला काढायच्या, पण नक्कल करणाऱ्या यंत्रणेला मुद्दाम गबाळं करायचं. नेहमीच्या मॅग्नेशियमबरोबर थोडं मँगनीज टाकलं की ती अधूनमधून चुका करायला लागते. प्रत्येक नकलेत एक-दोन चुका. या चुकीच्या नकला जिवाणूंमध्ये घालायच्या. प्रत्येक जिवाणू आपापली थोडी वेगळी कात्री बनवतो. आता खळ्यावरची निवड. आर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेत पसरट काचेच्या ताटल्यांमध्ये जेलीसारखा थर होता, त्यात केसीन, म्हणजे दुधातलं प्रोटीन मिसळलेलं. त्यामुळे ताटली दुधट दिसते. त्यावर जिवाणूंचे ठिपके वाढतात, आणि ज्या ठिपक्याची कात्री चालते त्याच्याभोवती केसीन कापलं जाऊन स्वच्छ, पारदर्शक कडं उमटतं. मोठं कडं म्हणजे धारदार कात्री. डोळ्यांनी दिसतं, बोटाने दाखवता येतं.

त्यांना हवं होतं ते असं एन्झाइम, जे पाण्याऐवजी डीएमएफ या कारखान्यातल्या द्रावकातही काम करेल. औषधांचे कितीतरी कच्चे माल पाण्यात विरघळतच नाहीत, म्हणून. साधं सब्टिलिसिन त्यात जवळपास हात टेकतं. मग ताटलीत डीएमएफ घालायचं, कडं उमटवणारा ठिपका उचलायचा, त्याचं जनुक पुन्हा गबाळेपणाने नकलायचं, पुन्हा ताटली, आणि प्रत्येक फेरीत डीएमएफ वाढवायचं. १९९३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या सब्टिलिसिनमध्ये १० मणी बदललेले होते आणि ६० टक्के डीएमएफमध्ये ते मूळ एन्झाइमच्या २५६ पट काम करत होतं. त्या दहा जागा एकत्र अशाच हव्यात हे आधी कागदावर कोणी सांगू शकलं नसतं.

रसायनशास्त्रातल्या कितीतरी लोकांना हे तेव्हा कमअस्सल वाटलं. समजून न घेता नुसती चाळण? मला त्यांचं दुःख कळतं, आम्हाला शिकवलंच तसं जातं. पण २०१८ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल आर्नोल्ड यांना याच कामासाठी मिळालं. आणि खरं डोकं लागतं ते चाळणी बांधायला. या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी एक नियम असतो: जे तपासाल तेच मिळेल. कडं लवकर दिसावं म्हणून तुम्ही सोपा, रंग सोडणारा रेणू कापायला दिलात, तर दहा फेऱ्यांनंतर तो रंगीत रेणू उत्तम कापणारं एन्झाइम मिळेल, आणि ज्या औषधासाठी सगळा खटाटोप केला ते त्याला शिवणारही नाही. चाळणीची भोकं चुकली की तांदूळ खाली आणि खडे वर. स्वतः आर्नोल्डही यातून सुटल्या नाहीत. २०१९ मध्ये छापलेला आपल्या गटाचा एक शोधनिबंध त्यांनी जानेवारी २०२० मध्ये मागे घेतला, कारण त्यातलं एन्झाइमचं काम पुन्हा करून पाहता जमेना. ते त्यांनी स्वतःच ट्विटरवर जाहीर केलं आणि माफी मागितली. नोबेल मिळाल्यानंतर.

आता एक गोळी. टाइप २ मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनचं नाव आता घराघरात आहे. जुलै २०२२ मध्ये आपल्याकडे तिचं पेटंट संपलं आणि किंमत उतरली तेव्हा औषधाच्या दुकानांत तिचीच चर्चा होती. मूळ औषध मर्क कंपनीचं, अमेरिकेत मान्यता २००६ मध्ये. हा रेणू बनवताना शेवटी एका कार्बनवर नायट्रोजनचा गट बसवायचा असतो, आणि तो एकाच बाजूने बसायला हवा. डाव्या पायाची चप्पल आणि उजव्या पायाची चप्पल, तेवढा फरक. आरशात एकसारख्या, पायात नाही. मर्कची जुनी पद्धत ऱ्होडियम हा दुर्मीळ, महाग धातू वापरायची, तोही हायड्रोजन वायूच्या मोठ्या दाबाखाली. त्यातून निघालेल्या मालात दुसऱ्या पायाच्या चपला थोड्या उरायच्या, त्या वेगळ्या काढाव्या लागायच्या, आणि औषधातून ऱ्होडियमचा अंशही.

नायट्रोजनचा गट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवणं हे ट्रान्सअमिनेज जातीच्या एन्झाइमचं रोजचं काम. तुमच्या रक्ताच्या तपासणीत यकृताच्या रकान्यात जे ‘एसजीपीटी’ असतं ते याच कुळातलं. मर्क आणि कोडेक्सिस या दोन कंपन्यांनी जिवाणूमधलं असं एक एन्झाइम घेतलं. अडचण अशी की त्याच्या खाचेत दोन खिसे होते, एक बऱ्यापैकी मोठा आणि दुसरा इतका लहान की त्यात एका कार्बनचा गट कसाबसा मावायचा. सिटाग्लिप्टिनचा रेणू दोन्ही बाजूंनी थोराड. सुरुवातीला एन्झाइमचं त्यावरचं काम मोजलं तर शून्य. आणि शून्यातून निवड करता येत नाही. सगळीच कणसं पोचट असतील तर बियाणं कुठलं धरणार?

त्यांनी मग जी युक्ती केली ती या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात आवडते. अख्खा रेणू देण्याऐवजी त्याची एक बाजू तोडलेला धाकटा भाऊ दिला, ज्याची तोडकी बाजू लहान खिशात मावते. त्याच्यासाठी आधी मोठा खिसा नीट करून घेतला. मग लहान खिशाची शिवण उसवली, आणि मग खरा रेणू पुढे केला. पहिलं यश किती होतं? २४ तासांत ०.७ टक्के माल तयार झाला. कारखान्यात याला कोणी यश म्हणणार नाही, पण शून्य संपलं होतं. आता तुलना करता येत होती. मग गबाळ्या नकला, चाळणी, पुन्हा नकला अशा एकूण ११ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत चाळणी कारखान्याच्या जवळ जवळ नेली: जास्त तापमान, जास्त द्रावक, जास्त कच्चा माल. शेवटच्या एन्झाइममध्ये २७ मणी बदललेले होते. ते निम्मं डीएमएसओ हे द्रावक असलेल्या मिश्रणात, लिटरला २०० ग्रॅम मालावर काम करायचं आणि चुकीच्या पायाच्या चपला १०,००० मागे दोन-तीनच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे जुन्या पद्धतीपेक्षा उत्पन्न १० ते १३ टक्क्यांनी वाढलं, एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला, आणि जड धातू पूर्ण गेले. आपल्याकडची प्रत्येक स्वस्त सिटाग्लिप्टिन याच वाटेने येते असं मात्र समजू नये. हा रेणू बनवायच्या इतर वाटाही आहेत.

औषधात एन्झाइम हे काही नवीन खूळ नाही. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीनचा कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला. बुरशी जे पेनिसिलीन देते त्याची शेपटी कापून दुसरी लावली की अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन. ही शेपटी रसायनांनी कापायची तर उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी खवट रसायनं लागतात. पेनिसिलीन असायलेज हे एन्झाइम तेच काम पाण्यात, आपल्या अंगाच्या उबेला करतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम झालं. पाषाण रस्त्याने बसने जाणाऱ्या किती जणांना त्या भिंतीमागे काय चाललंय याचा पत्ता असेल, कोण जाणे. इथली एक साधी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: एन्झाइम महाग असतं, म्हणून ते बारीक दाण्यांना चिकटवून बांधून ठेवतात. काम झालं की दाणे गाळायचे, धुवायचे, पुन्हा वापरायचे.

आणि जे निसर्ग करतच नाही ते? कार्बन आणि सिलिकॉन यांची थेट जोडणी कुठलाही ज्ञात सजीव करत नाही, पृथ्वीच्या कवचात सिलिकॉन मुबलक असूनही. २०१६ मध्ये आर्नोल्ड यांच्या गटाने आइसलंडच्या गरम झऱ्यांतल्या एका जिवाणूचं लोह असलेलं प्रोटीन घेतलं. पेशीत ते इलेक्ट्रॉनची ने-आण करायचं, त्याचा उत्प्रेरणाशी संबंध नाही. पण सिलिकॉनची जोडणी ते अगदी थोडी करत होतं. तीन मणी बदलल्यावर ते माणसाने बनवलेल्या उत्प्रेरकांच्या पुढे गेलं. तीन!

कात्रीचं एवढं झालं. दोराकडे वळलं की गणित बिघडतं, कारण चाळणी.

रेशमाच्या मुख्य प्रोटीनमध्ये ग्लायसीन, अलानीन आणि सेरीन हे छोटे मणी एका लयीत पुन्हा पुन्हा येतात. छोटे असल्यामुळे शेजारच्या माळा एकमेकींना खेटून, घडी घातलेल्या कापडांच्या चळतीसारख्या रचल्या जातात. तिथे धागा घट्ट. मधल्या अस्ताव्यस्त भागांत तो ताणतो. कोळ्याच्या धाग्यात हीच कल्पना आणखी पुढे गेली आहे. ज्या धाग्याला कोळी लटकतो तो वजनाच्या मानाने पोलादाला भारी पडतो आणि शिवाय ताणतो. मग कोळीच का पाळत नाहीत? कारण एका खोलीत शंभर कोळी ठेवले की काही दिवसांत थोडेच, पण गुबगुबीत कोळी उरतात.

म्हणून जनुक उचलून दुसऱ्याकडून धागा काढून घ्यायचे प्रयत्न सुरू झाले. कॅनडाच्या नेक्सिया कंपनीने शेळ्यांच्या दुधात कोळ्याचं प्रोटीन आणलं. गाजावाजा खूप झाला, धंदा झाला नाही. जिवाणूंकडून करवायचं तर ही माळ हजारो मण्यांची आणि त्यात ग्लायसीनच ग्लायसीन. नेहमीचं जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकघरात अचानक पाचशे माणसांच्या फक्त पुरणपोळीची ऑर्डर आली तर पुरण संपणारच. २०१० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी जिवाणूचा ग्लायसीन पुरवठाच वाढवला, तेव्हा कुठे कोळ्याच्या मूळ प्रोटीनएवढी लांब माळ मिळाली. तरी माळ म्हणजे धागा नाही. कोळी हे प्रोटीन पोटात दाट द्रव म्हणून सांभाळतो. नळीतून पुढे सरकताना त्याची आम्लता वाढते, क्षार बदलतात, ओढ बसते, आणि बाहेर येईपर्यंत त्याचा घन धागा झालेला असतो. ती नळी अजून कोणाला हुबेहूब जमलेली नाही.

आणि चाळणीचं म्हणाल तर, कात्री पारखायला एक थेंब पुरतो, एका दिवसात हजारो नमुने होतात. दोर पारखायचा तर आधी मूठभर प्रोटीन बनवा, शुद्ध करा, कातून धागा काढा, यंत्रात ताणून तोडा. दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे इथे शेतकऱ्याची रीत फारशी चालत नाही, शिंप्याची चालते: लयीत येणारे तुकडे बेतून, मोजून, जोडून बघायचे.

जे तपासाल तेच मिळेल, हा नियम इथेही आडवा येतो. जपानच्या स्पायबर कंपनीने २०१५ मध्ये कोळ्याच्या प्रोटीनवर बेतलेल्या कापडाचं एक जाकीट दाखवलं. दिसायला झकास, मजबूत. पण कोळ्याच्या धाग्याला एक खोड असते: भिजला की तो आखडतो, कधी कधी जवळपास निम्मा. जाळ्यावर दव पडून ते जड होतं तेव्हा ताठ राहायला कोळ्याला याचा उपयोग होत असावा. पावसात घालायच्या जाकिटाला याचा काय उपयोग? कंपनीने विक्री लांबवली, माळेतला क्रम पुन्हा बेतला, आणि २०१९ मध्ये फक्त ५० जाकिटं विकायला काढली. ताकद मोजणाऱ्या यंत्रात पाऊस नसतो.

दोराच्या घराण्यातलं माझं आवडतं प्रोटीन मात्र वेगळंच आहे. आपली कातडी ओढली की परत जागेवर येते ती इलास्टिनमुळे. त्यातला पाच मण्यांचा एक तुकडा (व्हॅलीन, प्रोलीन, ग्लायसीन, एक हवा तो मणी, पुन्हा ग्लायसीन) पन्नास-शंभर वेळा जोडला की जे प्रोटीन बनतं ते तुपाच्या उलट वागतं. तूप थंडीत थिजतं आणि उबेला पातळ होतं. हे थंड पाण्यात निवळशंख विरघळलेलं असतं, आणि नळी तळहातात धरून ऊब दिली की आतलं पाणी दुधट होतं, प्रोटीन गोळा होऊन बाहेर पडतं. पुन्हा गार करा, पुन्हा निवळ. किती अंशाला हे व्हावं ते त्या चौथ्या ‘हव्या त्या’ मण्यावर आणि माळेच्या लांबीवर बेतता येतं. आयआयटी दिल्लीतून शिकून अमेरिकेत गेलेले ड्यूक विद्यापीठातले आशुतोष चिलकोटी यांनी याचे दोन उपयोग पुढे आणले. एक, औषधाच्या रेणूला ही शेपटी जोडून टोचायची. बाहेर द्रव, शरीराच्या उबेला आत लहानसा साठा, त्यातून औषध झिरपत राहतं. दुसरा जास्त घरगुती: कुठल्याही प्रोटीनला ही शेपटी जोडायची, जिवाणूंच्या चोथ्यासकट गरम करायचं, शेपटीवालं तेवढं खाली बसतं, वरचं पाणी टाकून द्यायचं, गार पाण्यात विरघळवायचं. महागड्या यंत्रांशिवाय शुद्ध प्रोटीन. तांदूळ धुण्याइतकंच.

आता संगणक काय म्हणतो हा प्रश्न येणारच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००३ मध्ये निसर्गात कुठेही नसलेल्या घडीचं प्रोटीन संगणकावर आखून प्रत्यक्षात आणलं. २००८ मध्ये त्यांनी अशीच एन्झाइमं आखली. ती चालली, पण रडतखडत. त्यातल्या एकाची मग आर्नोल्ड पद्धतीने पैदास केली तेव्हा काम २०० पटींहून जास्त सुधारलं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं बेकर यांना, आणि उरलेलं माळेवरून घडी ओळखणाऱ्या संगणक प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. गेल्या काही वर्षांत आखणी झपाट्याने सुधारली आहे. तरीही एन्झाइम आखून झालं की ते खळ्यावर आणून पारखायचा प्रघात मोडलेला नाही. घडी दिसणं आणि घडीने सेकंदाला किती काम उपसलं हे कळणं यांत अजून अंतर आहे.

सोवळ्याच्या प्रकरणाला परत येतो. रेशीम आणि एन्झाइम यांचं हाडवैर आहे असं वाटत असेल तर तसं नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅप्लन यांच्या गटाने रेशमाचं प्रोटीन विरघळवून त्याच्या पातळ फिल्म केल्या आणि त्यात एन्झाइमं बसवून ठेवली. फ्रिजबाहेरही ती कित्येक महिने शाबूत राहिली. कुठलं एन्झाइम बसवायचं ते बघून बसवायचं, एवढंच.

बाबांच्या कपाटातले बाकीचे कपडे पॉलिएस्टरचे. पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लॅस्टिक, पेट. सब्टिलिसिनला त्यात कापण्यासारखं काही सापडत नाही. पण पेट कापणारी कात्री आता आहे. जपानमध्ये पालापाचोळ्याच्या कंपोस्टमध्ये सापडलेल्या एका एन्झाइमचे काही मणी बदलून, त्यात एक गंधकाचा टाका घालून, फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीने आणि तुलूझच्या संशोधकांनी २०२० मध्ये ते इतकं तापसहन केलं की ७२ अंशांना, प्लॅस्टिक मऊ पडतं तेवढ्या गरमीत, दहा तासांत ९० टक्के पेटचे मूळ घटक सुटे झाले. अर्थात आधी दळून, घट्टपणा मोडून तयार केलेल्या पेटचे. विणलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यात माळा फार शिस्तीत खेटलेल्या असतात, तिथे ही कात्री सहज शिरत नाही, आणि आमच्या बादलीतलं पाणी ७२ अंशांना पोचत नाही. तेव्हा बाबांचे शर्ट सुरक्षित आहेत. नवं सोवळं आणलंय, ते मात्र रिठ्याच्या पाण्यात धुतलं जाणार आहे, आणि ते काम माझ्याकडे दिलेलं नाही.